टीपीके झाला म्हणजे डीएम नापास? मला अजिबात पटत नाही

गुहाकर
विषय डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, फासे टाकत गोष्ट रचायचा तो खेळ. टीपीके म्हणजे खेळाडूंची अख्खी पार्टी मरणं, डीएम म्हणजे राक्षस आणि गोष्ट चालवणारा. काल एकाने लिहिलं, "अख्खी पार्टी मेली म्हणजे डीएम नापास. पुस्तकात सीआर दिलाय, बेरीज येत नसेल तर डीएम होऊ नये." (सीआर म्हणजे राक्षस किती जड त्याचा आकडा.) त्याखाली वाहवा करणारे ढीगभर. तिथेच उत्तर देत होतो पण लांबलं, म्हणून इथे.

बेरीज येते मला. २०१४ चं डीएमजी, म्हणजे डीएमचं पुस्तक, घ्या. लेव्हल ३ चे चौघे, मीडियम लढाईची रेघ ६०० एक्सपी (अनुभवाचे गुण), हार्डची ९००. समोर चार शॅडो, म्हणजे सावलीसारखी भुतं, सीआर अर्धा, प्रत्येकी १०० एक्सपी, चार आहेत म्हणून दुप्पट धरायचे, झाले ८००. म्हणजे पुस्तकाच्या मते मीडियम. आता विझार्डची (जादूगाराची) शीट काढा. स्ट्रेंथ ८, सगळे तिथेच ठेवतात. शॅडोचा प्रत्येक हिट एक डी-फोर (चार बाजूंचा फासा) स्ट्रेंथ खातो, चारही लागले तर सरासरी १० गेली. शून्याला पोचलात की थेट मेलात, जगायचा शेवटचा फासा (डेथ सेव्ह) नाही, बरं करणारा मंत्र (हीलिंग वर्ड) नाही, वर काही तासांनी त्याच प्रेतातून पाचवा शॅडो उठतो. आणि त्याच खोलीत क्लेरिकचं (पुजाऱ्याचं) भुतं पळवणारं टर्न अनडेड लागलं की सगळे पळतात आणि लढाई दोन मिनिटांत आटोपते. दोन्ही वेळेला आकडा ८००च!

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. दार उघडायच्या आधी आत काय आहे याचा वास लागला पाहिजे आणि परत फिरायला वाट पाहिजे, एवढी डीएमची जबाबदारी. ते देऊनही आत शिरले आणि मेले तर मेले, त्यात डीएम नापास कसा?

निळीशाई
बोलायला सोपं आहे हो. आमचं सेशन महिन्यातून एका रविवारी, तेही दोघांच्या ड्युट्या जुळल्या तर. तीन तास मिळतात. त्यात एखादीचं दोन वर्षं जपलेलं कॅरेक्टर उडालं तर ती पुढच्या महिन्यात येतच नाही, हे मी बघितलंय.

आणि "वास" म्हणाल तर मी दिला होता. वाटेत फाटलेल्या मेंढ्या, गावातली म्हातारी रडतेय तिकडे जाऊ नका म्हणून. पोरांनी काय ऐकलं? की क्वेस्ट तिकडे आहे! पाच मिनिटांत सगळे तिकडेच. आणि पळायची वाट कसली घेऊन बसलात, ओगरचा (धिप्पाड राक्षस तो) स्पीड ४०, आपला ३०, ड्वार्फ (बुटका) असेल तर २५. पाठ फिरवली की ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे त्याला फुकटचा फटका. नियमच म्हणतात उभे राहा आणि मरा, मग डीएमने सांभाळायचं नाही तर कोणी?

दत्तू_डीट्वेंटी
मूळ दुखण्यावर कोणीच बोलत नाहीये. २०१४ च्या पुस्तकात गोष्टीतल्या एका दिवसाला सहा ते आठ एन्काउंटर (लढाया) धरलेत, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती). कोण खेळतं असं? सगळीकडे दिवसाला एक मोठी लढाई, विझार्ड पहिल्याच राउंडला सगळे स्लॉट (दिवसाचे मंत्र) ओततो, आणि माझा वॉरलॉक, ज्याचे मंत्र शॉर्ट रेस्टलाच परत येतात, दोन स्पेल टाकून बसलेला, शॉर्ट रेस्ट मागितली की सगळे म्हणणार लाँगच घेऊ ना. २०२४ च्या पुस्तकात तर तो दिवसाचा हिशोबच काढून टाकला, आणि वर तो दुपटीचा गुणाकारही. गर्दीच्या लढाईत समोरच्यांना जास्त वेळा मारायला मिळतं हे दोन पानांत समजावून सांगायचं सोडून आकडाच गाळला. कमाल आहे.

रात्रपाळी
पाथफाइंडर टू (तसाच दुसरा खेळ) खेळा, प्रश्न मिटला. चौघांना ८० एक्सपी मॉडरेट, १२० सिव्हिअर, १६० एक्स्ट्रीम, आणि टेबलावर तसंच निघतं.

दत्तू_डीट्वेंटी
प्रत्येक चर्चेत हेच. आमच्याकडे चौथा प्लेअर मिळत नाही, सिस्टिम कुठे बदलायला सांगताय.

निळीशाई
मी तर सरळ सांगते, स्क्रीनमागे (डीएमसमोरचा पडदा) राक्षसाचे एचपी, म्हणजे जीव किती उरला तो आकडा, कमी करते. ओगरला ५९ असतात, फायटर खाली पडला असेल तर ४५ ला पडतो माझा ओगर. कोणाचं काय बिघडलं?

गुहाकर
बिघडलं ना! मग फासे टाकता कशाला? गोष्ट वाचून दाखवा सरळ. ज्या पोरीने नॅचरल २० (फाशावर सरळ वीस) टाकून ड्रॅगन पाडला तिला कळलं की तो पडणारच होता, तर तिच्या त्या रोलची किंमत काय उरली? ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

निळीशाई
फसवणूक म्हणायच्या आधी जरा विचार करा. मी सेशनच्या आधी रात्री जागून नकाशे काढते, त्या पाच जणांसाठी. तुमच्या टेबलावर लोक परत येतात का हे विचारलंय कधी?

ढालकरीण
गुहाकर बरोबर आहेत, आणि मी प्लेअर म्हणून सांगतेय. आमच्या जुन्या डीएमच्या मागून मी पाण्याची बाटली घ्यायला गेले आणि स्क्रीनमागे बघितलं. राक्षसाला फाशावर १७ आले होते, म्हणाला "चुकला". माझी पॅलाडिन जगली. पण त्यानंतर त्या कॅम्पेनमध्ये मला कधी भीती वाटली नाही, आणि भीती गेली तशी मजाही गेली. आधीच्या सगळ्या लढाया आठवून वाटायचं, यातली खरी कुठली? ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण कळल्यावर जे वाटतं ते तुम्हाला अजून कोणी सांगितलेलं नसणार.

रात्रपाळी
रोल उघड्यावर टाका आणि एचपी आधीच लिहून ठेवा. संपलं.

निळीशाई
संपलं नाही. पहिल्या लेव्हलला विझार्डचे एचपी ७-८, ओगरचा एक फटका सरासरी १३. एका फाशावर नवीन आलेल्या मुलीचा पहिलाच दिवस घालवायचा? नाही करणार मी तसं.

गुहाकर
मग पहिल्या लेव्हलला ओगर लढायला ठेवूच नका, झोपलेला ठेवा. हे आधी ठरवता येतं, फासे पडल्यावर नाही. माझं भांडण तेवढ्याचसाठी आहे.

पळण्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे, फाइव्ह ईने (या खेळाच्या पाचव्या आवृत्तीने) पळणं नासवलंय. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत राक्षस भेटले की ते कसे वागतील यासाठी आधी दोन डी-सिक्सचा रिअ‍ॅक्शन रोल, कधी ते बोलायलाच तयार निघायचे. एक्सपी सोन्याचे मिळायचे, एका नाण्याला एक, त्यामुळे न लढता पेटी पळवणारी पार्टी शहाणी. मी आता पार्टीने एकमताने "पळतो" म्हटलं की इनिशिएटिव्ह (पाळीपाळीने लढायचा क्रम) तिथेच बंद करतो, मग पाठलाग. अन्न फेकलं, दार लावलं, तर सुटका.

निळीशाई
हे आधी लिहिलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं. पाठलागाचं घेते. झोपलेल्या ओगरचंही घेते. स्क्रीन राहणार, त्यावर बोलू नका.

दत्तू_डीट्वेंटी
आणि शॉर्ट रेस्ट?

ढालकरीण
दत्तूभाऊ, शॉर्ट रेस्टसाठी नवीन चर्चा काढा, मी येते. गुहाकर, राक्षसांचं पळणं कसं करता? आमचे गॉब्लिन शेवटचा मरेपर्यंत लढतात, दर वेळी.

गुहाकर
त्याच बेसिकचा मोराल (राक्षसांच्या धीराचा आकडा) उचललाय जसाच्या तसा. त्यांच्यातला पहिला मेला की एकदा, निम्मे पडले की परत एकदा, दोन डी-सिक्स सगळ्यांसमोर टाकायचे. गॉब्लिनचा मोराल ७, त्याच्या वर आलं की पळतात. अर्ध्या लढाया तिथेच संपतात, आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या सेशनला भावंडं घेऊन येतो.