उजेडाचा रोहित चालण्याऐवजी उड्या मारतोय, काय चुकतंय?

खाडीकाठी (नेरुळ)

भाची सातवीत आहे. पाम बीच रोडमागच्या पाणथळीत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघून आल्यापासून तिचं एकच टुमणं : उजेडाचा रोहित आपल्या गच्चीच्या कठड्यावरून चालवून दाखव. मी हिशेब लिहिणारा माणूस, कॅमेराही भावाकडून उसना आणलेला. तरी रीत कळली. काळोखात शटर उघडायचं, टॉर्चने हवेत पक्षी काढायचा, शटर बंद. पुढच्या फोटोत पाय जरासा पुढे. सेकंदाला १२ फोटो धरले, म्हणजे तीन सेकंदांना ३६ रोहित. रात्री साडेनऊला सुरू केलं, दीड वाजला. दंड अजून भरून आलेत.

आता सगळे फोटो एकापाठोपाठ लावले तर मागच्या टॉवरचा उजेड कमी-जास्त होत लुकलुकतो. पक्ष्याची मान कधी हातभर, कधी वीतभर, आणि तो चालत नाही, दचकतो. टॉर्च मंद ठेवून पिसं काढली तर रेघेऐवजी ठिपक्यांची रांग आली. भाचीने स्वतःचं नाव लिहिलं, ते उलटं. शिवाय प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा रुसल्यासारखा अडून बसतो.

आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं तोंड किती उघडं ते) ८, बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून धरू तोवर शटर उघडं. मी ‘घे’ म्हटलं की भाची रिमोट दाबते, ‘झालं’ म्हटलं की सोडते.

उपवनचा उपद्व्यापी (ठाणे)

दादा, चोर तुमच्या शेवटच्या ओळीतच बसलाय. तुमचं ‘झालं’ कधी आठ सेकंदांनी येतं, कधी चौदा. शटर जितका वेळ उघडं, तितका मागचा टॉवर उजळ. टॉर्चच्या रेघेचं तसं नसतं. ती एका जागी क्षणभरच असते, त्यामुळे तिचा जाडपणा-उजळपणा ठरतो तो हात किती वेगाने फिरला यावर, आणि एफ व आयएसओवर. म्हणून रोहित बरा दिसतो आणि टॉवर लुकलुकतो. बल्ब सोडा. शटर १५ सेकंदांवर पक्कं करा. चित्र दहात संपलं तर टॉर्च विझवून गप्प उभे राहा, पण पंधरा पुरे होऊ द्या. व्हाइट बॅलन्सही (फोटोतला रंगांचा तोल) ‘ऑटो’वर नको. फोकस कठड्यावर टॉर्च धरून एकदा लावा आणि मग मॅन्युअल करून टाका.

कॅमेरा रुसत नाही. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल. प्रत्येक फोटोनंतर तो तेवढाच वेळ एक काळा फोटो घेतो, डाग वजा करायला. बंद करा, अर्धी रात्र वाचेल.

ठिपके का? स्वस्त एलईडी मंद करायचा म्हणजे तो भराभर चालू-बंद होतो. डोळ्याला कळत नाही, पण हात फिरला की तुटक रेघ उमटते. टॉर्च पूर्ण ठेवा आणि तोंडावर गुलाबी जिलेटीन पेपरच्या दोन-तीन घड्या चिकटवा. रंगही मिळेल.

नाव उलटं येणारच, तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिता. नंतर फोटो आडवे उलटवा. मात्र टाकीवर सोसायटीचं नाव रंगवलेलं असेल तर तेही उलटं होईल, आधी बघून घ्या.

रेघोट्या

मी चित्रकलेची शिक्षिका. १९४९ साली ग्योन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन त्याला अंधारात हवेत चित्रं काढायला लावली होती. पण पिकासोला एका चित्राला एकच फोटो पुरे होता. तुम्हाला तीच मान ३६ वेळा काढायची आहे, ती नुसत्या हाताने जमत नाही.

बाइंडिंगची तार घ्या. मान आणि धड एवढाच आकार वळवा, काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. टॉर्च त्या तारेवरून फिरवायची, पाय तेवढे मोकळ्या हाताने. कठड्यावर दर तीन इंचांवर खडूची खूण करा, ३६ खुणांत जवळजवळ नऊ फूट होतात. आणि थोडी थरथर राहू द्या हो. अगदी गुळगुळीत झालं तर कॉम्प्युटरवर केलंय असं वाटेल.

फिरकी

स्टील वूल पेटवून गरगर फिरवा, काय भारी ठिणग्या उडतात!

उपवनचा उपद्व्यापी (ठाणे)

गच्चीवर? लोकांचे कपडे वाळत असतात तिथे? खाडीकाठी, हे अजिबात ऐकू नका.

खाडीकाठी (नेरुळ)

शनिवारी पुन्हा केलं. ताई, तारेची मान झकास! टॉवर आता गप्प उभा आहे. मी काळा फुल शर्ट घातला होता, तरी सहाव्या फोटोत माझं टक्कल चमकलंय.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी सोसायटीला फोन केला, म्हणे गच्चीवरून कोणाला तरी इशारे चाललेत. वॉचमनकाका बॅटरी घेऊन वर आले ते नेमके एकोणिसाव्या फोटोत. रोहितच्या पायांखालून त्यांच्या बॅटरीची लांबलचक पिवळी रेघ गेली. मी तो फोटो काढून टाकणार होतो. भाची म्हणते, ते पाणी आहे, हात लावायचा नाही. पण एकाच फोटोत असल्याने ते पाणी डोळा मिटेपर्यंत नाहीसं होतं, म्हणून आता सगळ्या ३६ फोटोंत हवंय. म्हणजे पुढच्या शनिवारी वॉचमनकाकांच्या ३६ चकरा. त्यांना विचारायचं कोणी, यावर घरात वाद चालू आहे.