भुताच्या पाठीवरची चेन: तुमचेही अनुभव लिहा

मागच्या शनिवारी लेकीने लॅपटॉपवर 'पुराना मंदिर' लावला. ती सतरा वर्षांची, चार मैत्रिणी जमलेल्या, मध्ये चिवड्याचं ताट. सामरी पडद्यावर आला की टाळ्या आणि शिट्ट्या. "बाबा, याचे डोळे बघ ना, बिचारा रात्रपाळी करून आलाय!" माझीही हसून मुरकुंडी वळली. तेवढ्यात आतून आई आली. वय सत्त्याहत्तर. दाराशी दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "बंद करा ते मेलं. तिन्हीसांजेला काय लावून बसलात?" नुसतं बोलून थांबली नाही, जाऊन देवापाशी दिवा लावून आली.

आईने हा सिनेमा तेव्हा सांगलीत थिएटरात पाहिला होता. बाबांनी "देवळाचा सिनेमा आहे, चल" म्हणून नेलं होतं. नावात मंदिर, त्यामुळे तिने जाताना चांगली साडी नेसली होती. बाबांची ही थाप आमच्या घरात अजून निघते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४ चा सिनेमा, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. सामरी नावाचा माणसं खाणारा राक्षस. राजा त्याचं मुंडकं उडवतो, धड जुन्या देवळामागे पुरतो, मुंडकं हवेलीत पेटीत बंद करतो. मरता मरता सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मग दोनशे वर्षांनी कोणीतरी पेटी उघडतंच, नाहीतर सिनेमा पुढे कसा जाणार? मध्येच जगदीप डाकू मच्छरसिंग होऊन 'शोले'ची टर उडवत फिरतो, त्याचा सामरीशी काडीचा संबंध नाही. आपल्या ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकरही त्यात आहेत, आणि दोघं चोख काम करतात. आजूबाजूला काय चाललंय याची त्यांना पर्वा नाही.

तर मंडळी, असे सिनेमे तुम्ही कुठे पाहिले, कोणाबरोबर पाहिले? भीती वाटली की हसू आलं? "टाकाऊ असतात" एवढं लिहून पळू नका, ते सगळ्यांना माहीत आहे. (प्रतिसाद खाली, ज्याच्या त्याच्या टोपणनावाखाली; मी 'धागाकर्ता'.)

टुरिंग टॉकीज

माझे वडील तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. सातारा भागातल्या जत्रा. दिवसा तमाशाचा तंबू वेगळा, रात्री आमचा वेगळा. बसायला जमीन, बायकांची बाजू दोरी बांधून निराळी केलेली, बाहेर जनरेटर धडधडतोय. प्रोजेक्टर एकच, म्हणून दर रीळ संपलं की तंबूत दिवा लागायचा आणि वडील दुसरं रीळ चढवायचे. देवाधर्माच्या सिनेमाला या वेळेत लोक बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे. रामसेंच्या सिनेमाला एकही माणूस उठायचा नाही. लघवीला जायलाही नाही. हवेलीचा दरवाजा करकरला, हिरोईनने कंदील वर धरला, आणि रीळ संपलं! चारशे माणसं पिवळ्या उजेडात गप्प बसलेली, आणि शेंगदाणेवाला पोरगा त्यांच्यामधून "गरम शेंगा" असं कुजबुजत फिरतोय. तोही घाबरलेला.

एकदा एका गावात वडिलांकडून रिळांचा क्रम चुकला. राक्षस जळून मेला आणि पुढच्या रिळात धडधाकट उभा. वडिलांना वाटलं आता लोक तंबू फाडणार. कोणी काही बोललं नाही. बाहेर पडताना एक म्हातारबुवा म्हणाले, "असल्याला एकदा जाळून भागत नसतं."

वडील स्वतः मात्र अजिबात घाबरायचे नाहीत. म्हणायचे, मशीनमधून बघितलं की राक्षस एवढा एवढा दिसतो, बोटाच्या पेरावर मावतो.

भाड्याचा व्हीसीआर

आमच्याकडे चाळीत वर्गणी काढून शनिवारी रात्री व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायचे. पहिली कौटुंबिक, दुसरी मारामारीची, आणि तिसरी रात्री दोनला भुताची. तिसरीला पोरांना झोपवायचे. आम्ही गोधडीला भोक पाडून बघायचो. (भोक आईला सापडलं, मार मला बसला, पाडलं होतं दादाने.)

इथे एक कबुली. त्या कॅसेट कॉपीवरून कॉपी, त्यावरून पुन्हा कॉपी केलेल्या असायच्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यात काहीतरी काळं हलायचं, घोगरा आवाज यायचा, बास! राक्षस नीट कधी दिसलाच नाही, आणि म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. तीन वर्षांपूर्वी त्यातलाच एक सिनेमा इंटरनेटवर धुऊनपुसून स्वच्छ केलेल्या प्रिंटमध्ये बघितला. राक्षस वळला आणि त्याच्या पाठीवर गळ्यापासून कमरेपर्यंत चेन. पँटला असते तशी, पितळी. मी इतका हसलो की बायको उठून आली. आणि मग, खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. गोधडीतला तो पोरगा मी स्वतःच फसवल्यासारखं झालं.

लॅमिंग्टन

रामसे मूळचे रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला ते नाव वळेना म्हणून रामसे झाले. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकान. आम्ही कॉलेजात असताना तिथेच ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर शोधत हिंडायचो, म्हणून मला या घराण्याबद्दल उगाच आपुलकी.

१९७० मध्ये त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला लोक दचकत होते. थिएटरात बसून भावांनी ते हेरलं आणि ठरवलं, की मग सबंध सिनेमाच तसा का करू नये? त्यातून १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे'. महाबळेश्वरला सरकारी गेस्ट हाऊसमध्ये सगळा बाडबिस्तरा नेऊन केलेला. सात भाऊ: एक लिहिणार, एक कॅमेऱ्यामागे, एक आवाजाकडे, दोघं दिग्दर्शक. घरच्या बायका स्वयंपाकाला. एखाद्या घरचं लग्न असावं तसा सिनेमा! खर्च कमी म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी एवढं बघावं की पैसे कुठे वाचलेत. स्टार नाहीत, सेट नाहीत. धूर, वारा, दार आणि आवाज यांवर मात्र हात आखडलेला नाही.

कोपरकर बाई

झी हॉरर शो, रामसेंचीच टीव्हीवरची मालिका! १९९३. सुरुवातीचं संगीत वाजलं की मी उशी तोंडावर घ्यायचे आणि धाकटी बहीण मला गोष्ट सांगायची, "आता हात आला, आता बाई किंचाळली." कालांतराने कळलं की निम्मं ती मनाचंच सांगायची. ते खऱ्या मालिकेपेक्षा भयंकर होतं.

डबल चष्मा

'सामरी' थ्रीडी, १९८५. माझा स्वतःचा नंबरचा चष्मा, त्यावर थिएटरवाल्यांचा चष्मा. एका हाताने दोन्ही धरून बसलो होतो. सामरीने पंजा पुढे केला, मी मागे झालो, दोन्ही चष्मे पुढच्या बाईंच्या अंबाड्यात. त्या अशा किंचाळल्या की सिनेमातल्या हिरोईनला जमलं नसतं.

मु. पो. मुरूड

आमच्या गावाबाहेरच्या नवाबाच्या वाड्यात रामसेंचं शूटिंग झालेलं आहे. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तो वाडा दिवसाही जरा गंभीरच दिसतो. काका तेव्हा शाळेत. शाळा बुडवून गेले. कुठला सिनेमा ते त्यांना अजून सांगता येत नाही, पण दुपारच्या सुट्टीत एक भूत नारळाच्या झाडाखाली बसून होतं, ते त्यांना पक्कं आठवतं. तोंडाला काहीबाही चिकटवलेलं, ते निघू नये म्हणून जेवता येईना, तर एक जण त्याच्या तोंडात वरून शहाळ्याचं पाणी ओतत होता. काका म्हणतात, "तेव्हापास्न मला भुताची भीती नाय, कीव येते."

गावकुसाबाहेर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. "इतका वाईट की भारी" हे ज्यांना दुसरा चांगला सिनेमा बघायची सोय होती त्यांचं बोलणं आहे. हे सिनेमे चालले ते तालुक्याच्या गावात, एका पडद्याच्या थिएटरात, कारखान्यावर पगार झाल्यावर. तिथे कोणी टिंगल करायला तिकीट काढत नव्हतं. घाबरायला काढायचे आणि पैसे वसूल व्हायचे. आता तुम्ही चिवडा खात हसता, ठीक आहे. पण आईंनी दिवा लावला ना, तो त्या सिनेमाचा खरा प्रेक्षक.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण माझी आजी त्याहून पुढची. तिला या राक्षसांचा मुळीच धसका बसायचा नाही. कारण तिच्या भुतांना नियम होते. मुंजा पिंपळावर, हडळ उलट्या पायांची, गिऱ्हा पाण्यात, वेताळाची अमावास्येला पालखी. कोणाला काय द्यायचं तेही ठरलेलं. सामरी बघून ती म्हणाली, "ह्ये कुठलं? ह्याला नारळ चालतो का कोंबडं?" कोणालाच सांगता येईना. धड इंग्रजी सिनेमातलं, शेवटाला त्रिशूळ आपला. आजी म्हणाली, "मग ह्येला पत्ताच न्हाई," आणि झोपली.

धागाकर्ता: पत्ता नसलेलं भूत! यावर आजींना माझा नमस्कार. आणि टिंगलीबद्दल म्हणाल तर मान्य, अर्धं. लेकीच्या मैत्रिणींपैकी एक जण त्या रात्री आमच्याकडेच राहिली, अंधारात बाथरूमला एकटी जाईना. हसण्यात तीच पुढे होती.

ब्रॉन्सनची गुहा

लॉस एंजेलिसहून लिहितेय. इथे ब्रॉन्सन कॅनियन नावाची जुनी दगडखाण आहे, हॉलिवूडच्या पाटीजवळ. रविवारी आम्ही काही मराठी मंडळी तिथे चालायला जातो. तिथल्या गुहेपुढे १९५३ मध्ये 'रोबॉट मॉन्स्टर' चित्रित झाला, चार दिवसांत. परग्रहावरून आलेला, पृथ्वी नष्ट करणारा राक्षस दाखवायचा, पण रोबॉट बनवायला पैसे नाहीत. मग ज्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख आहे असा नट आणला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्यासारखं हेल्मेट चढवलं. झाला रोबॉट. त्याच्या यंत्रातून साबणाचे फुगे निघतात, का ते विचारायचं नाही. आणि त्या फुगे काढणाऱ्या यंत्राचं नाव श्रेयनामावलीत आहे!

सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांना गुहा दाखवली, घरी येऊन सिनेमा दाखवला. त्या एकदाही हसल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "एवढ्या उन्हात केसाळ झगा घालून तो माणूस टेकडी चढतोय, उतरतोय, पुन्हा चढतोय. त्याला कोणी पाणी विचारलं का गं?" त्यानंतर मला तो सिनेमा धड हसत बघता येत नाही. मुरूडच्या काकांशी सासूबाईंची गाठ घालून द्यायला हवी.

रंगपेटी

सासूबाईंना माझा पाठिंबा. १९५४ चा पहिला जपानी 'गोजिरा', म्हणजे गॉडझिला, आठवा. बाहुली एकेक चौकट हलवून चित्रित करायला वेळ नव्हता, म्हणून माणूसच रबरी पोशाखात घातला. हारुओ नाकाजिमा. पोशाख शंभरेक किलोचा, आत दिव्यांची धग. आणि तो सिनेमा काही गरिबीतला नव्हता. मग आपल्याकडच्यांचं काय होत असेल?

मी स्वतः कॉलेजच्या एकांकिकेसाठी राक्षस केला होता. कापूस, डिंक, वर्तमानपत्राचा लगदा, वरून काळा-हिरवा रंग. तालमीत झकास. प्रयोगात दिवे तापले, डिंक सुटला. राक्षसाने हिरोचा गळा धरला आणि त्याच क्षणी राक्षसाचा डावा कान हिरोच्या खिशात पडला. आमचा हिरो हजरजबाबी, त्याने तो काढून परत दिला. सभागृह कोसळलं. निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, "या मुलांना विनोदाची उत्तम जाण आहे." शोकांतिका होती हो ती! बक्षीस मिळालं आणि आम्ही मुकाट्याने घेतलं.

म्हणून मला सगळ्यात जास्त आदर सामरी झालेल्या अनिरुद्ध अगरवाल यांचा वाटतो. रुरकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. श्रेयनामावलीत नाव अजय अगरवाल असं आहे. उंची आणि चेहरा त्यांचा स्वतःचा, रंगभूषेवाल्याचं निम्मं काम देवानेच केलेलं. नीट बघा, ते कधी घाईने चालत नाहीत. बाकी सगळे धावतात, किंचाळतात, पडतात, आणि हा आपला सावकाश येतो. आमच्या राक्षसाला मी तेच शिकवायला विसरलो. तो धावला, म्हणून कान पडला.

भाड्याचा व्हीसीआर: कान खिशात!! हसून हसून पुरेवाट. आता ऑफिसात सगळे बघतायत.

धागाकर्ता

काल रात्री हे सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. रिळांचा क्रम चुकला ते ऐकून पहिल्यांदा हसली. मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, "त्या पेटीचं शेवटी काय झालं रे?"

म्हणजे गंमत बघा. चाळीस वर्षं आम्ही समजत होतो की आईने 'पुराना मंदिर' पाहिलाय. ती मध्यंतरालाच उठून बाहेर आली होती आणि उरलेला वेळ थिएटरच्या पायरीवर बसून बाबांची वाट बघत होती. बाबांनी बाहेर आल्यावर शेवट सांगायचा प्रयत्न केला, तर "घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलू नका" म्हणाली. घरी गेल्यावर विषय राहिला तो राहिलाच. आता बाबा नाहीत.

येत्या रविवारी लेक आणि आई मिळून उरलेला अर्धा बघणार आहेत. आईच्या अटी: दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, आणि चिवडा नाही. भुतासमोर खाऊ नये म्हणते, त्याचं लक्ष जातं.