‘सिंहासन’ : वाचलेले आणि पाहिलेले

बी-३०४ : आपल्या सोसायटीच्या रविवारच्या वाचनकट्ट्यावर मी ‘सिंहासन’ कादंबरीपेक्षा चित्रपट उजवा आहे असे म्हटले, तेव्हा “वाचायचा कंटाळा असला की असेच वाटते” असे कोणीतरी बोलले आणि ते मला लागले. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्या वाचल्यानंतरच माझे हे मत झाले आहे.

ए-१०२ : काकू, ते वाक्य माझे होते, आपण दुखावल्या असाल तर क्षमा असावी. प्रश्न मात्र उरतोच. दोन कादंबऱ्यांची एक पटकथा करताना जे गळाले, त्याचे काय?

बी-३०४ : गळाले, हे मलाही जाणवते. पण पटकथाकार विजय तेंडुलकरांनी तो पसारा आवरताना पत्रकार दिगू टिपणीसला सगळ्यांच्या मधोमध उभे केले. एरवी ज्यांच्या नुसत्या नजरेची धास्ती वाटावी, ते निळू फुले इथे दिगूच्या भूमिकेत गप्प राहून फक्त ऐकत असतात, आणि शेवटी तो माणूस वेड्यासारखा हसत सुटतो. कादंबरीने मला राजकारण समजावले. ते हसणे पाहिले त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

सी-२०१ : ‘सिंहासन’चे दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा ‘सामना’ चित्रपटसुद्धा कादंबरीवरूनच घेतलेला होता ना?

बी-३०१ : नाही. तो तेंडुलकरांनी थेट पडद्यासाठीच लिहिला होता.

सी-२०१ : माझी चूक दाखवण्याची आपणांस नेहमीच घाई असते, हे मागच्या सर्वसाधारण सभेतही दिसले होते. असो, आभारी आहे.

ए-१०२ : पुन्हा विचारतो, जे गळाले त्याचे काय?

सी-४०३ : काका, मला वेगळीच काळजी वाटते. पटेलांचाच ‘उंबरठा’ कितीतरी जणांनी पाहिला, पण तो शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला आहे हे आपल्या कट्ट्यावर दोघींनाच ठाऊक होते. चित्रपट चांगला निघाला की मूळ लेखिकेचे नावच मागे पडते, हा अन्याय आहे.

बी-३०४ : ताई, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही नावे सोबत घ्यावीत असे मी म्हणते. पण १९७९ सालच्या कृष्णधवल ‘सिंहासन’मध्ये अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे एकमेकांशी किती अदबीने बोलतात, ते पाहावे. त्या अदबीआडचे वैर लेखकाला शब्दांत सांगावे लागते. इथे नुसत्या बसण्या-उठण्यातून ते कळते.

ए-१०२ : आणि गळालेल्या माणसांचे काय?

बी-३०१ : काका, ग्रंथालयाची ‘सिंहासन’ची प्रत दिवाळीपासून आपल्याकडेच आहे. ती परत आली, तर काय गळाले ते इतरांनाही पाहता येईल.

ए-१०२ : प्रत उद्या सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो. चित्रपटात न आलेल्या प्रसंगांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. काकूंनी आधी न्यावी, आणि कृपया त्या खुणा कोणी खोडू नयेत.