मदत हवी आहे: रानउंदरांवरचे माइट मोजायचे कसे?

रानउंदरांच्या अंगावरच्या परजीवी माइट्सचा (कोळ्यांच्या गटातले बारीक जीव) अभ्यास करतेय आणि मोजणीपाशी गाडी अडलीय. बहुतेक उंदरांवर जेमतेम दोन-चार माइट, आणि एखाद्याच्या कानात मात्र चिगर नावाच्या माइटच्या अळ्यांचा नारिंगी गठ्ठाच. अशा वेळी सरासरीला काय अर्थ? किती टक्के उंदरांवर माइट सापडले ते आणि मध्यक, एवढंच द्यावं, की निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल (अशा विषम विखुरलेल्या मोजणीसाठीचं संख्याशास्त्रीय मॉडेल) लावावं?

दुसरी अडचण बिळांची. लेलॅपिड गटातले बरेच माइट घरट्यातही राहतात, त्यामुळे नुसतं अंग विंचरून केलेली यादी मला अर्धवट वाटते. चिगरची तर सहा पायांची अळी तेवढी परजीवी. पुढच्या अवस्था मातीत मोकळ्या. मग त्यांच्या विविधतेचं कारण शोधताना आधी उंदराची जात बघायची की मातीचा ओलावा? (स्क्रब टायफस हा तापाचा आजार पसरवणाऱ्या जाती चिगरमध्येच आहेत, म्हणून ओळख ढोबळ ठेवून चालणार नाही.)

नमुने ७०% अल्कोहोलमध्ये आहेत. चिगर ओळखायला स्लाइड करून पाठीवरच्या ढालीचा आकार आणि तिच्यावरचे केस बघायचे, हे ठाऊक आहे. पण त्याच माइटमधून डीएनएही काढायचा असेल तर आधी काय करता? स्वतः हे केलेल्यांनी सांगा, प्लीज.