सहलीतली फजिती : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले तुमचे अनुभव सांगा

परवा कामासाठी गोकाकला गेलो होतो. परतताना धबधब्याजवळ गाडी थांबवली. घटप्रभा भरून वाहत होती, गढूळ लाल पाणी १७० फूट खाली कोसळत होतं आणि मला एकदम भाकरी आठवली. का ते सांगतो, म्हणजे तुमच्याही आठवणी बाहेर पडतील.

मी चंदगडचा. आमच्याकडची बरीच पोरं शिकायला बेळगावलाच येतात, मीही आलो. घर महाराष्ट्रात, कॉलेज कर्नाटकात. कन्नड यायचं ते बसच्या पाटीपुरतं, तेही रंगावरून आणि अंदाजानं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सात जण श्रावणात गोकाकला निघालो. सातांत कन्नड येणारा एकच, बैलहोंगलचा दोस्त. दुपारी भिजून, कुडकुडत एका खानावळीत शिरलो. गरम ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, वर घट्ट दही. वाढणाऱ्या अक्का मायेच्या. ताटाशी येऊन विचारायच्या, "हाकली?" म्हणजे वाढू का? मराठी कानाला ते भलतंच ऐकू येतं. मी दोस्ताला विचारलं, नको असेल तर काय म्हणायचं? त्यानं शब्द सांगितला, मी तो मनात घोळवत बसलो.

तिसऱ्या रोट्टीनंतर अक्का आल्या. मी नम्रपणे म्हणालो, "हाक री." चौथी पडली. परत म्हणालो, पाचवी पडली. वाटलं, आवाज पोचत नाही, म्हणून ताटावर हात आडवा धरून मोठ्यानं, "हाक री! हाक री!" अक्कांनी माझा हात प्रेमानं बाजूला केला आणि सहावी वाढली, वर तूप. शेजारच्या बाकावरची माणसं जेवण थांबवून बघायला लागली. सगळी हसून हसून आडवी व्हायच्या बेताला आली तेव्हा कळलं, 'पुरे'ला 'साक' म्हणतात. 'हाक' म्हणजे 'वाढ'. एका अक्षरात घोटाळा झाला, मला वाटलं मीच चुकीचं लक्षात ठेवलं.

ताटात टाकायची सवय आमच्या घरात नाही. सहाही संपवल्या. बाकीचे झुलत्या पुलाकडं गेले, मी खडकावर पाय पसरून नुसता पाण्याचा आवाज ऐकत बसलो. अक्कांनी जादा रोट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत. "तम्मा, परत ये" म्हणाल्या, हे मात्र मला कुणी न सांगता कळलं.

आता तुम्ही लिहा. फजिती स्वतःची असावी, एवढीच अट.

*बेळगावची लेक, आता पुण्यात*

दादा, माझी फजिती मराठीतच झाली. पुण्याला शिकत असताना हॉस्टेलची मैत्रीण आईबरोबर बेळगावला आली होती. तिच्या मामेबहिणीचं नवं सासर टिळकवाडीत, तिथं उतरल्या होत्या. आम्ही चौघींनी राजहंसगडावर सूर्योदय बघायचं ठरवलं. (तेव्हा गडावर शिवरायांचा मोठा पुतळा नव्हता, तो २०२३ चा. सिद्धेश्वराचं देऊळ, तटबंदी आणि वारा, बस्स.) रात्री मी तिला मेसेज टाकला, "पहाटे पाचला मी येतो. फाटकाशी थांब, हॉर्न वाजवत नाही. काकूंना उठवू नको."

फोन काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातात होता. माझा नंबर नवा, नाव सेव्ह केलेलं नव्हतं.

पहाटे पाचला स्कूटर बंद करून ढकलत फाटकाशी गेले, तर शाल पांघरून काकू उभ्या. चेहरा असा की मी नमस्कारसुद्धा विसरले. म्हणाल्या, "कुठाय तो?" मी घाबरून मागं बघितलं. "कोण, काकू?" "येतो म्हणून लिहिणारा!" मी हेल्मेट काढलं आणि सांगितलं, "काकू, ते मीच लिहिलो." झालं! पुण्यात वर्षभर सांभाळून 'आले-गेले' बोलणारी मी, घाबरल्यावर तोंडातून घरचंच निघालं. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात हे मी परोपरीनं सांगत होते, त्यांचा विश्वास बसेना. तेवढ्यात घरातल्या सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आलंय? थांबा हं, मी उठलो, चहा ठेवतो."

काकू पायरीवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्याही आल्या गडावर, माझ्याच स्कूटरवर मागं बसून. सूर्योदय काही मिळाला नाही.

*लोंढ्याचा प्रवासी*

आमची थोडक्यात. कॅसलरॉकहून दमून लोंढा जंक्शनला उतरलो, काळोख, पाऊस. समोर गाडी उभी होती, चढलो. लोंढ्यातून एक फाटा बेळगावकडं, एक धारवाडकडं, हे अकरा जणांपैकी अकराही जणांना माहीत होतं. जागा मिळाल्याच्या आनंदात गाणी सुरू केली, सबंध डबा टाळ्या वाजवायला लागला. बेळगावच्या वाटेवरचं गुंजी येईना, खानापूर येईना. नागरगाळी आलं तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "पोरांनो, धारवाडात लग्न हाय काय कुणाचं?" गाणं जागेवर थांबलं. अळणावरला उतरलो आणि सकाळपर्यंत फलाटावर बसलो. आजोबांनी उतरताना दिलेली चिरमुऱ्यांची पिशवी अकरा जणांत वाटून खाल्ली. घरी सांगायला फोन करायचा तर सगळ्यांत मिळून एक रुपयाचं एकच नाणं होतं. कुणाच्या घरी लावायचा यावर वाद झाला, तो वेगळाच.

*खानापूरची*

मैत्रिणीच्या मामींकडं पणजीला निघालो होतो, चोर्ला घाटातून. मामींसाठी एक किलो कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेतलेला. जांबोटीला 'चव बघू' म्हणून डबा उघडला. घाटात धुकं, बस हळू, आणि कुंदा ताजा असला की मऊ, दाणेदार, बोटाला नुसता लागत राहतो. पणजीत दारात मामींनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "हलका लागतोय गं." आम्ही पाचही जणी खाली बघत उभ्या. मामींनी झाकण उघडलं, कडेला राहिलेलं बोटानं पुसून खाल्लं, "छान आहे" म्हणाल्या आणि आम्हाला जेवायला वाढलं. त्या दिवशीइतकं लाजून मी कधी जेवलेली नाही.

*इतिहासाचा विद्यार्थी*

हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात माहिती सांगायचं काम सरांनी मला दिलं होतं. आठ दिवस तयारी केली, कदंब राजांची वंशावळ पाठ. त्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ होते. मी एका गाभाऱ्यापुढं उभा राहून हात करून सुरू केलं, "हा पहा वराह, पृथ्वीला वर उचलून धरलेला..." दहा मिनिटं बोललो. मुली तोंडावर ओढण्या धरून, सर छताकडं बघत. शेवटी पुजारीकाका आले, माझे दोन्ही खांदे धरून मला सावकाश उलटं फिरवलं आणि म्हणाले, "बाळ, वराह हिकडं हाय. तू विष्णूला सांगालास."

मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या खेपेला चांगलं झालं, सरांनीही तसंच म्हटलं.

*बैलहोंगलचा*

चंदगडकर, मीच तो दोस्त. माझं मराठी लिहिणं सांभाळून घे. वीस वर्षं झाली, आता सांगूनच सोडतो. तू काही चुकीचं लक्षात ठेवलं नव्हतंस गा. मीच तुला 'हाक री' म्हणून शिकवलो होतो. आणि हात धुवायला गेलो तेव्हा अक्कांनाही सांगून ठेवलो होतो की ह्याला घरची आठवण येतीया, लाजतोय, हात आडवा धरला तरी वाढा. घरची आठवण येतीया हे खोटं नव्हतं. त्या आठवड्यात तू रूमवर नीट जेवत नव्हतास, आम्ही सगळे बघत होतो.

*चंदगडकर*

वीस वर्षं मी स्वतःच्या कानांना दोष देत होतो!

रविवारी घरी ये. रोट्ट्या मी वाढणार आहे. तू साक म्हण, नाहीतर हाक म्हण.