अकूस्टिक गिटारसाठी पिक किती जाडीचा आणि कोणत्या आकाराचा घ्यावा?

नवी_तार:

नमस्कार. मी गेले दहा महिने अकूस्टिक गिटार शिकत आहे. गिटार स्टीलच्या तारांची असून तिला 12-53 चा संच (म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा हजारांश आणि सर्वांत जाड त्रेपन्न हजारांश) लावलेला आहे. आमच्या सोसायटीतील काही मंडळी दर शनिवारी भावगीते आणि भजने म्हणण्यासाठी जमतात आणि त्यांना साथ करणे हे माझे मुख्य काम असते. म्हणजे बहुतेक वेळ स्ट्रमिंग (सर्व तारांवरून एकदम हात फिरवणे) करायचे, आणि दोन कडव्यांच्या मध्ये पेटीवर वाजतात तसे चालीचे तुकडे एकेका तारेवर वाजवायचे.

माझी अडचण या दोन कामांच्या मधोमध आहे. गिटारबरोबर फुकट मिळालेला पिक (तारा छेडण्याची चिमटीत धरायची छोटी पट्टी) नायलॉनचा, 0.46 मिलिमीटर जाडीचा आहे. त्याने स्ट्रमिंग सहज होते, परंतु तारांच्या बरोबरीने पिकाचाही टकटक असा आवाज येत राहतो. आमच्यातील एका काकूंनी तर मागे कोणी पत्ते पिसत बसले आहे का, असे विचारले. चालीचा तुकडा वाजवताना तो इतका वाकतो की सूर क्षणभर उशिराच निघाल्यासारखा वाटतो. म्हणून मी दुकानात जाऊन 1.14 मिलिमीटरचा पिक आणला. त्याने तुकडे स्वच्छ वाजू लागले, मात्र स्ट्रमिंग करताना तो तारांत अडकतो, बोटांत गोल फिरतो, आणि आतापर्यंत दोनदा गिटारच्या पोटात जाऊन पडला आहे. (गिटार उलटी धरून, हलवून तो बाहेर काढण्याचे कौशल्य मात्र माझ्या गुरुजींपेक्षाही मला अधिक साधले आहे.)

दोन्ही कामे करील असा एकच पिक असतो का, की गाण्याच्या मध्ये पिक बदलावाच लागतो? आकाराने खरोखर काही फरक पडतो का? आणि दुकानदाराने तपकिरी ठिपक्यांचा एक पिक दाखवून तो कासवाच्या पाठीचा असल्याचे सांगितले. तो घेण्यासारखा असतो का?

खर्जातला_ई:

आपण एकदम दोन टोकांना जाऊन आला आहात, म्हणून दोन्ही अनुभव वाईट आले. साधारणपणे 0.60 च्या खालचे पिक पातळ, 0.60 ते 0.80 पर्यंतचे मध्यम आणि त्यापुढचे जाड समजले जातात. या सीमा कंपनीगणिक थोड्या पुढेमागे होतात, त्यामुळे पिकावर छापलेल्या शब्दापेक्षा आकडा पाहावा.

आकडा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कोणत्याही पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पदार्थ एकच असेल तर 1.00 मिलिमीटरचा पिक 0.50 च्या दुप्पट नव्हे, आठपट ताठ असतो. 0.60 वरून 0.73 वर गेलात तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण ताठरपणा जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढलेला असतो. आपल्या 0.46 आणि 1.14 या आकड्यांत तर सुमारे पंधरा पटींचे अंतर पडते. हे दोन पिक एकाच सवयीच्या हाताने वाजवता येणे शक्यच नव्हते.

टकटक आवाजाचे कारणही यातच आहे. पातळ पिक तारेला टेकला की प्रथम स्वतः वाकतो, मग सुटून पुढच्या तारेवर आपटतो, आणि त्या आपटण्याचाच आवाज ऐकू येतो. सर्वांत जाड तार, जी आपल्या संचात 1.35 मिलिमीटरच्या आसपास आहे, ती हलवण्याइतका जोर तर त्याच्यात नसतोच. म्हणून खर्ज पोकळ आणि वरच्या तारा चुरचुरीत, असा आवाज येतो. ध्वनिमुद्रणात गिटारची फक्त झुळूक हवी असते तेव्हा वादक हेतुपुरस्सर पातळ पिक वापरतात. सोसायटीच्या हॉलमध्ये पेटी आणि तबल्याच्या शेजारी बसून तसा आवाज पुरा पडणार नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ताठरपणा केवळ जाडीवर अवलंबून नसून चिमटीबाहेर पिक किती राहिला आहे, यावरही अवलंबून असतो, आणि तेथेही तोच घनाचा हिशेब उलट्या दिशेने लागू होतो. बाहेर राहिलेला भाग निम्म्यावर आणला की तोच पिक ढोबळमानाने आठपट ताठ होतो. (पिक टोकाकडे निमुळता असल्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल, पण दिशा हीच राहते.) म्हणून स्ट्रमिंग करताना पिक जरा मागे धरावा, सात-आठ मिलिमीटर बाहेर ठेवावा आणि चिमूट सैल सोडावी, तुकडा वाजवायच्या वेळी अंगठा पुढे सरकवून तीन-चार मिलिमीटरच टोक बाहेर ठेवावे. 0.73 चा पिक या दोन्ही अवस्थांत नीट चालतो. 0.46 चा पिक कितीही आखूड धरला तरी खर्जाच्या तारेपुढे नमतोच, आणि 1.14 चा कितीही मागे धरला तरी वाकत नाही. त्यामुळे ही युक्ती मधल्या जाडीतच उपयोगी पडते.

डनलॉपचा टॉर्टेक्स हा पिक आपल्याकडे बहुतेक वाद्यांच्या दुकानांत मिळतो आणि रंगावरून त्याची जाडी कळते: लाल 0.50, नारिंगी 0.60, पिवळा 0.73, हिरवा 0.88, निळा 1.00 आणि जांभळा 1.14. नारिंगी, पिवळा आणि हिरवा असे तीन घ्या आणि एकच गाणे तिन्हींवर वाजवून पाहा. आपल्याकडचा 1.14 चा पिक बहुधा जांभळाच असावा.

उलटी_कमान:

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु चालत्या गाण्यात अंगठा मागेपुढे सरकवणे दहा महिन्यांच्या हाताला वाटते तितके सोपे नाही. कडवे संपायला आणि तुकडा सुरू व्हायला एखादी मात्राच मिळते. माझ्या मते आपली निम्मी अडचण जाडीची नसून आकाराची आणि कोनाची आहे, आणि जाडीच्या चर्चेत ही बाजू नेहमी मागे पडते.

पिकाचे टोक जितके अणकुचीदार, तितका तारेचा लहान भाग तो स्पर्शतो, आणि आवाजात वरचे स्वरांश अधिक येऊन तो लख्ख होतो. टोक गोलसर असेल तर तो तारेच्या अधिक लांबीवर टेकतो, वरचे स्वरांश दबतात आणि आवाज गोड, भरीव येतो. भावगीताच्या साथीला मला तरी दुसरा आवाज अधिक शोभतो असे वाटते. सर्वत्र दिसणारा, एका बाजूला निमुळता आणि दोन गोल खांद्यांचा जो पिक असतो, त्याचा आकार 351 या क्रमांकाने ओळखला जातो. हा क्रमांक मूळचा डी'अँड्रिया या न्यूयॉर्कच्या कंपनीचा आहे. तिचा संस्थापक लुइजी डी'अँड्रिया याने 1922 मध्ये सेल्युलॉइडचे (एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) पिक बनवण्यास सुरुवात केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तेच आकार उचलले. या पिकाची गंमत अशी की तो फिरवून खांद्याच्या बाजूने वाजवला तर वेगळा पिक विकत न घेताच गोल टोकाचा आवाज मिळतो.

आपल्या बोटांत पिक फिरतो असे आपण लिहिले आहे. त्यासाठी मी 346 हा मोठा त्रिकोणी आकार सुचवीन. त्याची तिन्ही टोके सारखी असतात. तो फिरला तरी नवे टोक पुढे येते आणि वादन थांबत नाही. आकाराने मोठा असल्यामुळे धरायला भरपूर जागा मिळते आणि तो गिटारच्या पोटात सहजासहजी जात नाही. याउलट जॅझ 3 नावाचा छोटा, 1.38 मिलिमीटरचा पिक मी इलेक्ट्रिक गिटारवर वर्षानुवर्षे वापरतो आणि एकेक सूर वाजवण्यासाठी त्यासारखा दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे. पण स्ट्रमिंगसाठी तो आपल्याला कोणी सुचवला तर कृपया ऐकू नका.

कोनाविषयी एवढेच सांगतो की पिक तारेला अगदी सपाट भिडवला तर जाड पिक अडकणारच. मनगट किंचित वळवून पिकाची पुढची कड आधी तारेवर उतरू द्या, म्हणजे तो तारेवरून घसरून जाईल. फार वळवलात तर गुंडाळीच्या तारांवर (ज्या जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते त्यांवर) खरखर ऐकू येईल, तेथे थांबावे.

तपकिरी ठिपक्यांचा पिक जवळजवळ निश्चितपणे सेल्युलॉइडचा असणार. पूर्वी हे पिक खरोखर हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचापासून बनत. त्यांची नक्कल म्हणूनच सेल्युलॉइडवर ती ठिपक्यांची नक्षी आली आणि अजून टिकून आहे. त्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1973 च्या साइट्स करारानंतर (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) बंद होत गेला, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. तेव्हा दुकानदार खरे बोलत असेल तर तो पिक घेऊ नये, आणि थाप मारत असेल तर खुशाल घ्यावा. सेल्युलॉइडचा आवाज ऊबदार असतो, फक्त तो लवकर झिजतो.

नखी_ते_पिक:

मी आधी सतार शिकलो आणि नंतर गिटारकडे वळलो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूने आहे. सतारीची नखी तारेची असते आणि ती तर्जनीवर घट्ट चढवलेली असते. ती वाकत नाही आणि निसटतही नाही, त्यामुळे सर्व लवचीकपणा हाताने आणावा लागतो. सरोदवादक नारळाच्या करवंटीचा जो जवा वापरतात, तोही चांगलाच जाड आणि ताठ असतो. असे असूनही ही मंडळी द्रुत लयीत 'झाला' (वादनाचा वेगवान, तारा सतत छेडत जाण्याचा भाग) वाजवतातच. म्हणून पिक अडकतो याचा अर्थ तो जाड आहे असाच होतो, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा चिमूट आवळलेली असते. गिटारवर मी 1.00 मिलिमीटरने स्ट्रमिंग करतो, पण तेवढी सैल चिमूट साधायला मला वर्ष लागले आणि त्या काळात माझेही पिक सर्वत्र उडाले.

पावसाळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी मुंबईत राहतो आणि जूननंतर हाताला सतत घाम असतो. गुळगुळीत सेल्युलॉइड या दिवसांत माझ्या बोटांत टिकत नाही. नायलॉनच्या पिकावर धरण्यासाठी उठावाची नक्षी असते खरी, पण नायलॉन ओलावा शोषून थोडे मऊ पडते. टॉर्टेक्सचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा असतो, त्याचा उपयोग होतो. आहे तोच पिक वापरायचा असेल तर धरण्याच्या जागी पॉलिश पेपर घासून तो खरबरीत करावा. टोकाला मात्र पेपर लागू देऊ नये.

एक प्रश्न मलाही विचारावासा वाटतो. आपली गिटार स्टीलच्या तारांचीच आहे, हे आपण लिहिले ते बरे केले. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असती तर पिक बाजूला ठेवून बोटांनी वाजवा, असेच मी सांगितले असते, कारण तिच्या पुढच्या फळीवर सहसा संरक्षक पट्टी नसते आणि मऊ लाकडावर पिकाचे ओरखडे कायमचे उमटतात. आपल्या गिटारला ती पट्टी आहे ना?

बसस्टॉप_वादक:

पैसे खर्च करण्यापूर्वी घरातील मुदत संपलेले एटीएम कार्ड शोधा. बँकेच्या कार्डाची प्रमाणित जाडी 0.76 मिलिमीटर असते, म्हणजे आपल्याला वर सुचवलेल्या 0.73 च्या अगदी जवळ. जुना पिक त्यावर ठेवून पेनने आखा, कात्रीने कापा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि शेवटी जीन्सच्या कापडावर चोळून गुळगुळीत करा. चिपचा आणि उठावदार आकड्यांचा भाग वगळला तर एका कार्डातून चारेक पिक निघतात. आवाज विकतच्या पिकासारखा येत नाही, थोडा बोथट येतो, आणि टोक लवकर खरबरीत होते. परंतु कोणती जाडी आणि कोणता आकार हाताला बसतो हे ठरवण्यासाठी ते पुरेसे आहे. त्रिकोण आणि 351 हे दोन्ही आकार मी असेच आधी कापून पाहिले होते. चालू कार्ड कापू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण आमच्या घरात ती पडली होती.

नवी_तार:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिटारला संरक्षक पट्टी आहे. तीन आठवडे प्रयोग केल्यानंतर हे लिहीत आहे.

प्रथम कार्डाचे दोन पिक कापले, एक 351 च्या मापाचा आणि एक त्रिकोणी. त्रिकोणी पिक पहिल्याच दिवशी हातात बसला. त्यानंतर टॉर्टेक्सचे त्रिकोणी पिक 0.60, 0.73 आणि 0.88 या जाडीचे आणले. 0.60 ने स्ट्रमिंग सर्वांत सोपे झाले, परंतु खर्जाची तार दबलेली वाटली. 0.88 ने तुकडे उत्तम वाजले, मात्र जलद लयीच्या भजनात हात दुखू लागला. चिमूट आवळली जाते हे नखी_ते_पिक यांचे निदान माझ्या बाबतीत शंभर टक्के खरे आहे. सध्या 0.73 वर थांबलो आहे. अंगठा पुढे सरकवणे मला दहापैकी चार वेळाच साधते, त्यामुळे उलटी_कमान यांची शंकाही रास्त होती. पण पिकाची कड आधी उतरवण्याने अडकणे एका दिवसात कमी झाले. टकटक आवाज बंद झाल्याचे काकूंनी न विचारता सांगितले.

एक शेवटची शंका आहे: पिक झिजला आहे, हे कसे ओळखावे?

खर्जातला_ई:

नवा पिक आणि वापरातला पिक एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. टोकाची एक बाजू तिरकी घासली गेलेली दिसेल. कडेवरून नख फिरवल्यावर ते कुठे अडकले, तर तेथे तारेने खाच पाडली आहे असे समजावे, आणि तीच खाच गुंडाळीच्या तारांवर खरखर करते. त्रिकोणी पिकात एक टोक गेले की दुसरे वापरावे; तिन्ही गेली तर पॉलिश पेपरवर घासून, कापडावर चोळून आणखी काही आठवडे काढता येतात. माझ्याकडे एक पिवळा पिक असा घासून घासून इतका लहान झाला आहे की आता त्याला उलटी_कमान यांच्या जॅझ 3 च्या शेजारी ठेवता येईल.