मदत हवी आहे: घरून काम, आणि रोज मीटिंगच्या मध्येच नेट जातं

पडवीतला
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. जूनपासून गावी (देवरुखच्या पुढे) राहून काम करतोय. चार महिने काही त्रास नव्हता. दिवाळीपासून रोज मीटिंग ऐन रंगात आली की नेट जातं. तीन-चार मिनिटांनी आपोआप येतं, तोवर माझ्या बोलण्याचा विचका झालेला असतो. क्लायंटकडच्या बाईंनी काल विचारलं, तुमच्याकडे रोज वादळ होतं का?
नेटवाल्याला तीनदा बोलावलं. तो दुपारी येतो, तेव्हा सगळं ठणठणीत. 'लाइन क्लिअर आहे' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मॅनेजरने पंधरा दिवस दिलेत, नाहीतर पुण्याला या म्हणे. प्लीज लवकर सांगा. टेबल-खुर्ची, ध्यानधारणा वगैरे नको, ते सगळं जमलंय.

सकाळचा_चहा
मी २०२० च्या लॉकडाऊनपासून घरूनच काम करते. माझा अनुभव सांगते. पाचला उठायचं, आंघोळ करून ऑफिसचे कपडे घालायचे. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, असे टप्पे पाडायचे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचं. डोळे टिकतात.

पडवीतला
ताई, नेट जातंय. डोळे शाबूत आहेत.

काटकसर
मोबाइलचं हॉटस्पॉट लाव की. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेव, एक गेलं तर दुसरं. ब्रॉडबँडवर पैसे घालवतातच कशाला लोक?

पडवीतला
जांभ्याच्या दीड फुटी भिंती आहेत दादा. मोबाइलला रेंज फक्त अंगणात फणसाखाली, तीही अर्धवट. तिथे बसून स्क्रीन शेअर करू?

तारवाला
फायबर आहे की केबलवाल्याचं? राउटर कुठे आहे, तू कुठे बसतोस? वायफाय जातं की नेटच जातं, हे दोन वेगळे आजार आहेत. लाइट किती जाते? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

पडवीतला
फायबर. राउटर ओटीवर, मी पडवीत, मध्ये एक भिंत. लाइटचा प्रश्नच नाही, इन्व्हर्टर आहे.

तारवाला
'प्रश्नच नाही' म्हणणाऱ्याकडेच बहुतेक वेळा प्रश्न असतो. आधी वायफाय सोड आणि भिंतीला भोक पाडून राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढ. जांभ्यातून वायफायचं ५ गिगाहर्ट्झ धड पोचत नाही, २.४ त्यातल्या त्यात बरं.

काटकसर
म्हणजे आता घर फोडायचं? जांभ्याला एकदा भोक पाडलं की पावसाळ्यात ओल आत आली म्हणून समजा.

तारवाला
ओल येते ती आतल्या बाजूला उतार दिल्यावर. भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं पाडायचं, वायरला खाली झोल द्यायचा. वीस वर्षं हेच करतोय.

काटकसर
तुम्ही वायरी विकता, तुम्हाला सगळीकडे वायरच दिसणार.

मोकळा_वेळ
विषय निघालाच आहे तर: जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा बरा की सिमेंटचा? आमचं मंडणगडचं घर काढायचंय.

जर्सीतून
@पडवीतला, मीटिंग किती वाजता असते? आणि 'दिवाळीपासून' म्हणजे नेमकं कुठल्या दिवसापासून? रोज मध्येच जातं म्हणतोस, ते त्याच वेळी का?

पडवीतला
स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, संध्याकाळी साडेसातला, न्यूयॉर्कच्या टीमबरोबर. भाऊबीजेला रविवार होता, दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा तुटलं. त्यानंतर रोज साधारण त्याच सुमारास, सात पस्तीस वगैरे.

जर्सीतून
मग ऐक. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि त्याच पहाटे आमच्याकडे अमेरिकेत उन्हाळ्याची वेळ संपून घड्याळं तासभर मागे गेली. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे त्याआधी तुझे साडेसहा होते, आता साडेसात. नेट बहुधा आधीही साडेसातला जात असेल, पण तेव्हा तुझी मीटिंग संपलेली असायची, म्हणून कुणाला कळलं नाही. तुझ्या घरात साडेसातला काय होतं ते शोध.

पडवीतला
अरे बापरे. ऑक्टोबरपर्यंत साडेसहालाच असायची, बरोबर.
साडेसातला काही विशेष नाही. आई देवापुढे बसलेली असते, अण्णा पंप लावतात, टीव्ही सुरू असतो.

तारवाला
पंप!!! हे आत्ता सांगतोयस?
किती एचपीचा? आज पंप लावताना राउटरसमोर उभा राहा. लाल दिवा लागला तर फायबर तुटतंय, नेटवाल्याला धर. सगळेच दिवे एकदम विझले तर राउटरची वीज जातेय.

मोकळा_वेळ
गिलाव्याचं राहिलंच.

पडवीतला (दुसऱ्या दिवशी)
एक एचपी, विहिरीवरचा, सिंगल फेज. काल मीटिंगमधून पाच मिनिटं रजा घेऊन राउटरपुढे उभा राहिलो. अण्णांनी मागच्या दारी बटण दाबलं तशी ओटीवरची ट्यूब लुकलुकली, कोनाड्यातल्या इन्व्हर्टरमधून 'टक्' असा आवाज आला आणि राउटरचे सगळे दिवे विझले. मग एकेक करत लागले, शेवटचा हिरवा स्थिर व्हायला तीन मिनिटं. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे मला इतके दिवस पत्ताच लागला नाही.

तारवाला
बघ. मोटर सुरू होताना क्षणभर, एरवी चालताना लागणाऱ्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. गावच्या लाइनच्या शेपटाला घर असलं की व्होल्टेज धपकन पडतं. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो बॅटरीवर उडी मारतो. त्या उडीत राउटर मरतो. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असेल, नॉर्मल आणि यूपीएस. तो यूपीएसवर कर, उडी जलद होते.

काटकसर
चुकीचा सल्ला. यूपीएसवर केलं की १८०च्या खाली व्होल्टेज गेल्या गेल्या तो बॅटरीवर जातो. गावात संध्याकाळी १८० मिळतं कुठे? बॅटरीची वाट लागेल. माझी लागली आहे.

तारवाला
बॅटरीत पाणी घालत होता का शेवटपर्यंत?

काटकसर
तो प्रश्न नाही.

पडवीतला
दोघांचंही खरं निघालं. यूपीएसवर केलं, पंप लावला तरी राउटर तगला. पण आमच्याकडे संध्याकाळी १७५ ते १८५ मध्ये काटा नाचतो, त्यामुळे इन्व्हर्टर सारखा टकटक करत होता. आईने दहाला उठून बंद केला.
अण्णांना पंपाची वेळ बदला म्हणालो. ते म्हणाले, विहीर सामाईक आहे, चुलत्यांची पाळी साडेसहाची, आपली साडेसातची, आजोबांपासून असंच आहे. तुझ्या साहेबाला सांग वेळ बदलायला.

जर्सीतून
९ मार्चला आमची घड्याळं पुन्हा पुढे जातील आणि मीटिंग साडेसहाला येईल. तेव्हा चुलत्यांचा पंप.

सातबारा
विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद आहे का ते आधी बघा. तोंडी पाळीवर भरवसा ठेवू नये. आमच्याकडे याच कारणावरून भावकीत दहा वर्षं बोलणं बंद आहे.

पडवीतला
मला स्टँडअपचा प्रश्न आहे हो. भावकीत सगळं गोडीत चाललंय.

तारवाला
खटका परत नॉर्मलवर कर. राउटरसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घे, हजार-दीड हजारात मिळतो, हातात मावेल एवढी बॅटरीची डबी. राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं वाच: १२ व्होल्ट, आणि अँपिअर किती? १ असेल, दीड असेल, २ असेल. डबीचा आउटपुट तेवढा किंवा जास्त हवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन पिना लागतील.

काटकसर
बरोबर. हे मी आधीच सांगणार होतो.

सकाळचा_चहा
पण मीटिंगच्या आधी दहा मिनिटं शांत बसलात तर नेट गेलं तरी चिडचिड होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पडवीतला (आठ दिवसांनी)
एकच डबा आहे, १२ व्होल्ट दीड अँपिअर. यूपीएस रत्नागिरीहून मागवला, परवा बसवला. काल साडेसातला बोलत असतानाच मागच्या दारी पंप घुरघुरला, ट्यूब लुकलुकली, इन्व्हर्टर टकला आणि मी बोलतच राहिलो. आज सकाळी लाइट गेली तेव्हा नेट मात्र गेलंच, पण तेव्हा बाजारातल्या नेटवाल्याच्या खोलीतलीही लाइट गेली होती, त्याला आपण काय करणार. वायरसाठी भोक अजून पाडलेलं नाही, अण्णा नको म्हणतायत. @जर्सीतून, तुमचे उपकार विसरणार नाही.
एक शेवटचं विचारतो. पंप लावला की टीव्हीही बंद पडायचा, हे मला आत्ता कळतंय. अण्णा विचारतायत, त्या डबीवर टीव्ही चालेल का?

तारवाला
नाही.